जैसे थे

पडद्यावर सातवा चेहरा आला तेव्हा कुमुदिनी कडोले जरा पुढे झुकली. साठीला टेकलेला पुरुष, रुंद कपाळ, डाव्या भुवईत जुन्या जखमेची खाच आणि कुणीतरी हसायला सांगितल्यामुळे आणलेले हसू.

“ओळखीचे वाटतात?” डॉ. नसीमा पटवेकरांनी विचारले.

“अलीकडे कुठंतरी पाहिल्यासारखे, एवढंच,” ती म्हणाली. “पण भुवईत खाच आहे. म्हणजे हे आमचे असणार. खाच मी पाठ केलीय.”

काचेच्या पलीकडे उभ्या असलेल्या विश्राम कडोलेने खाली पाहिले. मिरजेच्या त्या चेतासंशोधन प्रयोगशाळेची फरशी नुकतीच पुसलेली होती. तीत त्याला स्वतःचाच चेहरा अंधूक दिसत होता.

डॉ. पटवेकरांनी पडदा बंद केला आणि त्या शेजारी बसलेल्या तरुणाकडे वळल्या. सौमित्र देवकुळे हा ‘परिचय देहयंत्रे’ या कंपनीचा तांत्रिक अधिकारी होता. कंपनीकडे तक्रार गेल्यामुळे संयुक्त तपासणीसाठी त्याला बोलावले होते.

“तुमच्या अहवालात लिहिलंय की यंत्र निर्दोष चालतंय.”

“चालतंयच, मॅडम,” देवकुळे म्हणाला. “नवी कुपी आहे. गेल्या तीन आठवड्यांत तिनं सव्वीस चेहरे शिकून घेतलेत. काका रोज दिसतात, त्यामुळे तेही त्यात आहेत.”

“आहेत ना. तीन आठवड्यांच्या ओळखीचे म्हणून आहेत. ह्या दोघांच्या लग्नाला चौतीस वर्षं झालीत.”

देवकुळेने अहवाल मिटला. तो मूर्ख नव्हता, आणि अडचण नेमकी कुठे आहे हे त्याला डॉक्टरांइतकेच माहीत होते.

तीन वर्षांपूर्वी कुमुदिनीला मेंदूज्वर झाला होता. ती त्यातून वाचली, पण चेहरे ओळखणारा मेंदूचा भाग हळूहळू मरत जाणार असे निदान झाले. तो पुरता मरायच्या आत तिला मुखस्मारक बसवण्यात आले. यंत्राचे दोन भाग होते. एक बारीक तंतूंची जाळी, ती कवटीच्या आत कायमची बसवलेली. दुसरा भाग कुपी, म्हणजे चिंचोक्याएवढी डबी, कानामागे त्वचेखालच्या खाचेत. मेंदूत उरलेले सगळे चेहरे डॉक्टरांनी त्या कुपीत उतरवून घेतले होते. नुसती नाकाडोळ्यांची ठेवण नव्हे, तर त्या चेहऱ्यामागची सगळी माया, राग, भीती, सवय. आपण ज्याला ओळख म्हणतो ती हीच. पुढे मेंदूचा तो भाग निकामी झाला तरी कुमुदिनीला काही जाणवले नाही. ती नवऱ्याकडे पूर्वीसारखीच पाहत राहिली.

मग कुपी तापू लागली. कानामागे चटका बसे. पाच वर्षांची वॉरंटी होती. विश्राम शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणाऱ्या कारखान्यात तीस वर्षे टर्नर होता. त्याने भिंग लावून पाहिले आणि त्याला कळले की वीज भरायच्या टोकावर गंज चढला आहे. पाच मिनिटांचे काम. पण सील तोडले की हमी रद्द, असे पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापले होते. म्हणून तो बायकोला घेऊन रीतसर सेवाकेंद्रात गेला. तिथे जुनी कुपी काढून नवी बसवली. पावतीवर सही घेतली. चाळीस मिनिटांत सगळे उरकले. आरशासमोरून उठून कुमुदिनीने दारात उभ्या असलेल्या विश्रामकडे पाहिले आणि नम्रपणे म्हणाली, “जरा वाट देता का?”

“जुनी कुपी कुठे आहे?” डॉ. पटवेकरांनी विचारले.

“बदललेला भाग कंपनीच्या मालकीचा होतो. कलम अकरा.”

“मालकी विचारत नाहीये मी. कुठे आहे?”

देवकुळेने चष्मा काढून पुसला. “दुरुस्त झाली. टोक बदललं. मग... पुढच्या ग्राहकाला गेली.”

“आतले चेहरे न पुसता?”

“पुसावे लागत नाहीत, मॅडम. तुम्हाला माहीतच आहे. कुपीची क्षमता मर्यादित असते. जो चेहरा दिसत राहतो तो पक्का होतो, जो दिसत नाही तो विरत जातो. अठरा महिन्यांपर्यंत सगळं आपोआप साफ होतं. नव्या माणसाला सुरुवातीला थोडी अनोळखी आठवण येते, एवढंच.”

“म्हणजे ह्यांची चौतीस वर्षं आत्ता कुणाच्या तरी कानामागे विरतायत.”

देवकुळे उठला. तपासणीच्या कागदावर सही करून तो निघून गेला.

*

न्यायपीठाकडे द्यायची तक्रार डॉ. पटवेकरांनीच लिहून दिली. देहयंत्र ग्राहक न्यायपीठ नव्याने स्थापन झाले होते आणि त्याचे कामकाज सांगलीत चाले. पहिल्या तारखेलाच कंपनीला जुन्या कुपीचा ठावठिकाणा सांगावा लागला. ती जतजवळच्या एका गावात, रेवण्णा हत्तरकी नावाच्या निवृत्त एसटी ड्रायव्हरच्या कानामागे होती. अपघातात डोक्याला मार लागून त्याची चेहऱ्यांची ओळख गेली होती. पुढच्या तारखेला त्याला साक्षीला बोलावले.

त्या दिवशी विश्राम एकटाच आला होता. कुमुदिनीला गर्दीत त्रास होई. बाहेरच्या बाकावर पांढरा पटका बांधलेला एक उंच म्हातारा बसला होता, दोन्ही बाजूंना दोन सारख्या दिसणाऱ्या नाती. विश्राम जिना चढून वर आला आणि म्हातारा ताडकन उठला. त्याचा चेहरा असा उजळला की विश्रामने मागे वळून पाहिले, आपल्यामागे कोण आलेय म्हणून.

“आलासा? कवाधरनं वाट बघतोय!” म्हातारा म्हणाला, आणि मग स्वतःच गोंधळला. “माफ करा हं. आपली भेट कुठं झाली? नाव तोंडात येत न्हाई. पण तुमाला बघितलं आन् घरी आल्यागत वाटलं बघा.”

विश्राम जवळ गेला. सेवाकेंद्राच्या दारात हरवलेली ती नजर चार महिन्यांनी त्याला परत दिसत होती, आणि ती एका पटकेवाल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत होती.

“मी विश्राम कडोले,” तो कसाबसा म्हणाला. “तुमच्या कानामागं जे आहे, ते आमच्या हिचं होतं.”

रेवण्णा खाली बसला. नातींपैकी एकीने त्याला पाणी दिले. ते पिऊन झाल्यावर तो हलक्या आवाजात म्हणाला, “तरीच. दाढी करताना आरशात मी आधी एक बाई शोधतो. रोज. घरात कुणाला बोललो न्हाई, येडा म्हणतील.”

ही भेट न्यायपीठासमोर सांगितली गेली तेव्हा डॉ. पटवेकरांना वाटले, यापेक्षा मोठा पुरावा कुठला? कुपीत कुमुदिनीचे जग अजून शाबूत होते. त्यांनी लगेच विनंती केली. “निकाल लागेपर्यंत विश्रामरावांना पंधरा दिवसांतून एकदा रेवण्णांना भेटू द्या. तेही जमत नसेल तर घरच्यांचे, माहेरच्यांचे फोटो त्यांना दाखवू द्या. चेहरा दिसत राहिला तर टिकेल. नाहीतर कुपीची नक्कल काढून द्या.”

कंपनीच्या वकिलाने उठून हरकत घेतली. “नक्कल म्हणजे आमच्या मालकीहक्काचा भंग. आणि भेटीगाठी म्हणजे पुराव्यात ढवळाढवळ. जी वस्तू वादात आहे तीत तक्रारदाराचा नवरा दर पंधरवड्याला स्वतःचा चेहरा भरणार, आणि मग म्हणणार, बघा, माझा चेहरा आत आहे! आमची एवढीच मागणी आहे की कुपी आहे त्या स्थितीत राहावी.”

अध्यक्षबाई विचारी होत्या. त्यांनी डॉक्टरांना विचारले, “मग ती रेवण्णांच्या कानामागून काढून कपाटात ठेवता येईल?”

“येईल. तशी ती टिकेलही. पण त्या दिवसापासून हे गृहस्थ स्वतःच्या नातींना ओळखणार नाहीत.”

“त्यांचा यात काय दोष? तेही ग्राहकच आहेत.” अध्यक्षबाईंनी क्षणभर दोन्ही मुलींकडे पाहिले आणि लेखनिकाला सांगितले, “जैसे थे आदेश. कुपी हत्तरकींकडेच राहील. तक्रारदार किंवा त्यांच्या वतीने कुणीही त्यांना भेटणार नाही, छायाचित्र दाखवणार नाही. आदेश पाळला जातोय की नाही याची कंपनीच्या अधिकाऱ्याने दरमहा प्रत्यक्ष जाऊन पाहणी करावी.”

“बाई, माझं ऐका,” डॉ. पटवेकर उभ्या राहिल्या. “ही कपाटातली वस्तू नाही. ती प्रत्येक क्षणाला शिकते आणि विसरते. तिला हात लावला नाही तर ती तशीच राहत नाही. तिला हात न लावणं म्हणजेच तिला पुसणं.”

“डॉक्टर, म्हणजे तिला हात लावला तरी ती बदलते आणि नाही लावला तरी बदलते, असंच ना?”

“हो.”

“मग मी निदान कुणाला हात तरी लावू देणार नाही,” अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने हा न्याय होता.

*

तारखा पडत गेल्या. कधी कंपनीचा वकील आजारी, कधी तज्ज्ञ-अहवालाची प्रत अपुरी, कधी अध्यक्षांची बदली. विश्राम प्रत्येक तारखेला सांगलीला जाई आणि हात हलवत परत येई.

घरात कुमुदिनी शहाण्या पाहुणीसारखी राही. हा आपला नवरा, हे तिला ठाऊक होते. लग्न, दोघांनी पाहिलेली हळेबीडची देवळे, वारलेले सासू-सासरे, सगळे तिला नीट आठवे. त्याचा आवाज ऐकला की तिचे काम चालू राही. पण तो समोर आला की ती सावरून बसे. साडी बदलताना आतून कडी लावी. एकदा त्याने सहज तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती दचकली. मग तिनेच त्याची क्षमा मागितली. ती क्षमा त्याला जास्त लागली.

“मला सगळं माहीत आहे हो,” ती एकदा म्हणाली. “फक्त ते तुमच्या तोंडावर बसत नाही.”

पण नवी कुपीही शिकत होती. वर्षभराने कुमुदिनी त्याच्याकडे पाहून आपण होऊन हसू लागली. दीड वर्षाने तर ती त्याला चिडवायला लागली. लग्नाआधी दोघे कधी भेटले नव्हते, पाहण्याच्या कार्यक्रमात ती वर मान करून बसली नव्हती. आता छप्पन्नाव्या वर्षी ती ते राहून गेलेले सगळे करत होती. तो शेंगदाण्याची चटणी जास्त खातो याची तिला मौज वाटे. तो आंघोळीनंतर केस न पुसता फिरतो याचा रागही येई. विश्राम तिच्याशी चांगला वागे, पण मनातून तो थांबलेला होता. हे सारे तात्पुरते आहे, खरी कुमुद जतला आहे, अशी त्याची समजूत होती.

निकाल लागला तो पूर्णपणे त्यांच्या बाजूने. हमीखालच्या दुरुस्तीत कंपनीने घोर निष्काळजीपणा केला, असे न्यायपीठाने नोंदवले. आदेश असा: मूळ कुपी तक्रारदारास परत बसवावी आणि तक्रारदाराकडील कुपी हत्तरकी यांना द्यावी. दोन्ही कामे एकाच दिवशी, दहा दिवसांच्या आत.

“आपण जिंकलो,” विश्राम म्हणाला. डॉ. पटवेकर मात्र कॅलेंडर पाहत होत्या.

“रेवण्णांनी तुम्हाला शेवटचं पाहिलं त्याला अठरा महिने व्हायला नऊ दिवस कमी आहेत. पुस्तिकेत लिहिलंय, ‘अठरा महिन्यांपर्यंत’. ‘पर्यंत’ या शब्दात बारा महिनेही बसतात, विश्रामराव. आत काय उरलंय ते बाहेरून वाचता येत नाही, कुपीला कंपनीचं सांकेतिक कुलूप आहे. भेटीची बंदी बसवेपर्यंत कायम आहे, म्हणून बसवल्यावरच कळेल. आणि बसवली की आत्ताची कुपी रेवण्णांना जाणार. ती परत मिळणार नाही.”

“पण असण्याची शक्यता आहे?”

“आहे.”

त्या दिवशी दुपारी तो कुमुदिनीजवळ बसला. ती तांदूळ निवडत होती. त्याने सगळे सांगितले. तिने ताट बाजूला ठेवले.

“ह्या कुपीत काय वाईट आहे?” तिने विचारले. “दोन वर्षं होत आली. तुमच्याशी माझं बरं जमतंय.”

“बरं जमणं वेगळं, कुमुद. तू माझ्याकडे कशी पाहायचीस ते तुला माहीत नाही. मला माहीत आहे.”

तिने बराच वेळ त्याच्याकडे पाहिले, आत्ताच्या, बावीस महिन्यांच्या ओळखीच्या नजरेने. त्या नजरेत माया होती. ती त्याने पाहिली आणि तरीही ती त्याला पुरेना.

“तुम्हाला हवंय ना?” ती म्हणाली. “मग बसवू या.”

*

सेवाकेंद्रात दोन शेजारच्या खोल्या तयार ठेवल्या होत्या. एकीत रेवण्णा, एकीत कुमुदिनी. काम पुन्हा चाळीस मिनिटांतच झाले. रेवण्णाच्या खोलीतून नातींचा आवाज आला, “आज्जा, आमी! आज्जा!” आणि त्यावर म्हाताऱ्याचा नम्र, परका आवाज, “बसा की, पोरींनो. कुणाच्या तुमी?”

कुमुदिनीने डोळे उघडले. समोर डॉ. पटवेकर होत्या. ती त्यांच्याकडे पाहून सभ्यपणे हसली. मग तिची नजर विश्रामवर आली आणि त्याच्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून फिरली.  नजर भुवईतल्या खाचेवर थांबली.

“तुम्ही विश्राम,” ती म्हणाली. पाठ केलेले उत्तर होते ते.

ना चौतीस वर्षे, ना बावीस महिने. डॉ. पटवेकरांनी तोंड फिरवले.

तेवढ्यात दार उघडून सौमित्र देवकुळे आत आला. हातात पूर्ततेचा कागद होता. कुमुदिनीने त्याच्याकडे पाहिले मात्र, ती अंथरुणातून अर्धी उठली. तिचा सारा चेहरा फुलून आला. डोळ्यांत पाणी उभे राहिले.

“अगंबाई! तू? ये, ये ना. असा लांब का उभा?”

देवकुळे जागीच थबकला. काय झाले ते सगळ्यांत आधी त्यालाच कळले. न्यायपीठाच्या आदेशाप्रमाणे तो गेले अठरा महिने दरमहा जतला जात होता. आदेश पाळला जातोय की नाही हे पाहायला रेवण्णाच्या अंगणात तास-तासभर समोर बसत होता. म्हातारा गप्पिष्ट होता, दिवसा घरात एकटाच असे. तो दर वेळी शेंगा भाजायला लावी आणि उठू देत नसे. विश्रामच्या फोटोला बंदी होती, कुमुदिनीच्या माहेरच्यांच्या फोटोंना बंदी होती. या खटल्यातला बंदी नसलेला चेहरा एकच होता.

“काकू, मी कंपनीचा माणूस आहे,” तो चाचरत म्हणाला. “देवकुळे. आपली भेट झाली होती प्रयोगशाळेत.”

“ठाऊक आहे मला तू कोण ते. तुमच्या लोकांनी काय केलं तेही ठाऊक आहे.” तिने त्याचा हात धरला. “पण काय करू? तुला बघून जीव थंड झाला बघ. कागद कसला आहे?”

“पूर्तता झाल्याचा. तक्रारदाराचं समाधान झालं असेल तरच सही करायची. घाई नाही, काकू. खरंच नाही.”

“कुमुदताई, थांबा,” डॉ. पटवेकर म्हणाल्या. “सही केलीत तर तक्रार कायमची मिटेल.”

कुमुदिनीने विश्रामकडे पाहिले, मग देवकुळेकडे.

“खोटं कशाला बोलू?” ती म्हणाली. “एवढं समाधान मला दोन वर्षांत वाटलं नव्हतं.” आणि तिने सही केली.

देवकुळेने कागद घडी न करताच बॅगेत सरकवला. तो दाराकडे वळला तसे तिने विचारले, “परत कधी येशील?”

“आता काम संपलं, काकू. पाहणी फक्त निकालापर्यंतच होती.”

तिने मान हलवली. ती पडून राहिली, पण तो बाहेर गेल्यावरही तिची नजर दारावरच होती. विश्राम तिच्या उशाशी उभा होता. त्याला या कंपनीचे नाव पुन्हा कानावर पडू नये असे वाटत होते. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. तिथे अजून तो उजेड होता, आणि हळूहळू कमी होत होता. तो चेहराही दिसला नाही तर विरणार, हे त्याला आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तो खोलीतून बाहेर पडला आणि जवळजवळ धावतच जिना उतरला. देवकुळे गाडीचे दार उघडत होता.

“साहेब,” विश्राम म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने त्या पोराएवढ्या माणसाला साहेब म्हटले. “महिन्यातून एकदा येत जा. अर्धा तास. नुसते समोर बसा, बोलला नाहीत तरी चालेल.”

देवकुळेने खाली पाहिले. “काका, मला कळतंय. पण परवानगीशिवाय ग्राहकाच्या घरी जायला आम्हाला बंदी आहे. हमीत तशी सेवा नाही. कंपनीकडे विनंती-अर्ज द्यावा लागेल, आणि तो तक्रारदाराच्या नावानं चालत नाही. समाधानी ग्राहक म्हणून द्यावा लागतो.”

 वरच्या खिडकीत डॉ. पटवेकर आल्या होत्या आणि खाली पाहत होत्या. विश्रामने खिशातून चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला.

“कुठे मिळतो अर्ज?” त्याने विचारले.